तेल लावलेला सुती एअर फिल्टर आणि एमएएफ सेन्सर: दोष नेमका कशाचा?

उमरेड रोडकर
नमस्कार. माझी २००० सीसीची टर्बो डिझेल गाडी नागपूर–उमरेड मार्गावर नेहमी धावते. कोळशाच्या ट्रकांमुळे तेथे कागदी फिल्टर लवकर काळा पडतो, म्हणून धुऊन पुन्हा वापरता येणारा सुती जाळीचा फिल्टर बसवला. नुकताच तो धुऊन, तेल लावून परत बसवला; तेव्हापासून चेक इंजिनचा दिवा लागला आहे, पिकअप मंदावला आहे आणि स्कॅनरवर पी०१०१ हा कोड, म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरबद्दलची तक्रार, येतो. गॅरेजमध्ये सेन्सरच बदलायला सांगितले आहे. तो खर्च करण्यापूर्वी तेल खरोखर दोषी आहे का, हे कसे ठरवावे?

धंतोलीचा डिझेलवाला
भाऊ, एमएएफ सेन्सरमधील तापलेली तार किंवा पातळ फिल्म आत येणाऱ्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवली जाते, आणि त्यासाठी किती वीज लागली यावरून ईसीयू (इंजिनचा नियंत्रक संगणक) हवेचे वस्तुमान काढतो. फिल्टरवरचे जादा तेल उडून तिच्यावर बसले आणि त्याला धूळ चिकटली, की तो थर उष्णता अडवतो व हवा प्रत्यक्षापेक्षा कमी मोजली जाते. पेट्रोल गाडीत त्यामुळे इंधन कमी पडून मिश्रण विरळ होते. डिझेलमध्ये मात्र धूर होऊ नये म्हणून ईसीयू इंधनालाच लगाम घालतो, आणि तुमचा मंदावलेला पिकअप याच्याशी जुळतो. तरीही योग्य प्रमाणात लावलेले, धाग्यांत पूर्ण मुरलेले तेल सहसा सुटत नाही. फिल्टरनंतरच्या पाइपमध्ये आतून स्वच्छ पांढरे कापड फिरवा; या तेलात बहुधा लाल रंग असतो, त्यामुळे ते पुढे गेले असेल तर डाग दिसेल.

हिंगणा एमआयडीसी
वरील उत्तर योग्य आहे, पण मी आधी पाइपची क्लिप पाहीन. फिल्टर काढताना ती सैल राहिली, तर सेन्सर आणि टर्बो यांच्यामधून न मोजलेली हवा आत शिरते व अगदी हाच कोड येऊ शकतो. शिवाय ती हवा गाळलेलीही नसते, म्हणजे उमरेडची धूळ थेट टर्बोत.

त्यानंतर हिशेब करा. २००० सीसीचे चार स्ट्रोकचे इंजिन ८०० आरपीएमला मिनिटाला ८०० लिटर हवा ओढते. आपल्या उन्हाळ्यातील ४५ अंशांत लिटरभर हवा जेमतेम १.१ ग्रॅम भरते, म्हणजे ईजीआर (जळलेला वायू पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) बंद असताना सेकंदाला जास्तीत जास्त १४ ग्रॅमच्या आसपास. स्कॅनरवरचा प्रत्यक्ष आकडा थोडा कमी असणारच. पण क्लिप घट्ट असूनही तो निम्म्यावर असेल, तर सेन्सर मळला आहे असे समजायला हरकत नाही. मग एमएएफसाठीचाच स्प्रे वापरा, कार्ब्युरेटर क्लीनर नव्हे. तारेला बोट किंवा कापूस लावू नका आणि पूर्ण वाळल्याशिवाय इग्निशन देऊ नका.

उमरेड रोडकर
आभारी आहे. क्लिप आणि पाइप आजच पाहतो. हाच फिल्टर पुढे ठेवावा का?

हिंगणा एमआयडीसी
माझ्या मते नाही. तुमच्या इंजिनात फेरफार नसेल, तर या फिल्टरने ताकदीत जाणवण्याजोगी भर पडत नाही आणि बारीक धूळ चांगला कागदी फिल्टर अधिक अडवतो. कोळशाच्या रस्त्यावर कागदीच घ्या, फक्त कंपनीने दिलेल्या अंतराच्या आधी बदला.