वजन कमी करताना काट्यावर किती दिवसांनी उभं राहावं?

चिंचगूळ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज स्वतःसाठी विचारते आहे.

वय ४३, उंची ५ फूट २ इंच. जूनच्या सुरुवातीला वजन ७६.८ किलो होतं. साखर अजून हद्दीत आहे, पण आई आणि मामा दोघांनाही मधुमेह, म्हणून आत्ताच मनावर घेतलंय. चहातली साखर बंद, रात्री भाताऐवजी एक भाकरी आणि भाजी, आणि सकाळी डोंबिवलीची लोकल पकडायच्या आधी ४० मिनिटं चालणं. सहा आठवडे झाले.

अडचण काट्याची आहे. तो घरात आणल्यापासून मी दिवसातून तीन-चार वेळा त्यावर उभी राहते. उठल्यावर, ऑफिसमधून आल्यावर, जेवल्यावर, कधी झोपताना. गेल्या शनिवारी सकाळी ७३.१ दिसलं, इतका आनंद झाला की आईला फोन केला. रविवारी नणंदेचं डोहाळजेवण. मसालेभात, अळूची भाजी, पापड, लोणचं, दोन जिलब्या. सोमवारी सकाळी ७४.६! बाथरूमच्या दारात उभी राहून रडले आणि त्या रात्री जेवलेच नाही.

नवरा म्हणतो, काटा भंगारात टाक. आहारतज्ज्ञ बाई पंधरा दिवसांनी वजन करतात. मैत्रीण म्हणते, रोज केल्याशिवाय लगाम राहत नाही. काय खरं? आणि आणखी एक, रात्री ७५.२ आणि सकाळी उठल्यावर ७४.३, हे ९०० ग्रॅम झोपेत कुठे जातात?

पायवाट

आठवड्यातून एकदा. तोच वार, तीच वेळ, उठल्यावर पोट साफ झाल्यानंतर, अनशापोटी. बाकी सहा दिवस काट्याकडे बघायचं नाही. मी असंच ९ किलो उतरवलं.

हुरडा

चिंचगूळताई, आधी ते सोमवारचं दुःख मनातून काढून टाका. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे दीड किलो चरबी चढायला रोजच्या गरजेवर साडेअकरा हजार कॅलरी जादा खाव्या लागतील. कुठल्याही पंगतीत, कितीही आग्रह झाला तरी, एका माणसाला ते शक्य नाही. तुमच्या अंगात वाढलं ते पाणी. पापड-लोणच्यातलं मीठ पाणी धरून ठेवतं. भात आणि जिलबीतली साखर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठते आणि प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी सोबत घेऊन बसते. शिवाय जे खाल्लं ते पोटात, आतड्यात असतंच, त्याचंही वजन भरतं. दोन-तीन दिवस नेहमीचं जेवलात की उतरतं.

याच कारणामुळे शनिवारच्या ७३.१ वरही फार विसंबू नका. तोही एका दिवसाचाच आकडा.

आता माझी पद्धत सांगतो. मी रोज वजन करतो, पण रोजच्या आकड्यावर काहीही ठरवत नाही. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकलेलं असतं. त्यात प्रत्येक तारखेच्या चौकोनात बायको दुधाचा हिशोब लिहिते, त्याच्याखाली मी पेन्सिलीने वजन लिहितो. शनिवारी सातही आकड्यांची बेरीज करून सातने भागतो आणि ती सरासरी पेनाने गोल करून लिहितो. ती सरासरी हेच माझं वजन. गेल्या वर्षीच्या पानावरचे दोन आठवडे जसेच्या तसे उतरवतो, रविवारपासून शनिवारपर्यंत:

८८.६, ८८.२, ८८.९, ८८.४, ८८.१, ८८.३, ८८.० (सरासरी ८८.४)

८८.१, ८७.८, ८८.५, ८७.९, ८७.६, ८८.०, ८७.९ (सरासरी ८८.०)

पंधरवड्यात ४०० ग्रॅमची उतरण स्पष्ट दिसते. आता पायवाट म्हणतात तसं फक्त शनिवारी वजन केलं असतं तर? ८८.० वरून ८७.९. आठवडाभर राबून १०० ग्रॅम! मी त्याच दिवशी हातपाय गाळले असते. आणि पहिल्या शनिवारनंतर एकदम दुसऱ्या मंगळवारी काट्यावर चढलो असतो तर वजन अर्धा किलो वाढलंय असं वाटलं असतं. आठवड्यातून एकदा करण्यात धोका हाच, तो एक दिवस नेमका वाईट निघाला तर सगळा आठवडा वाया गेल्यासारखं वाटतं.

त्या दुसऱ्या मंगळवारचं कारणही चौकोनातच छापलेलं होतं. आदल्या दिवशी संकष्टी. दिवसभर साबुदाणा, आणि चंद्रोदय उशिरा म्हणून रात्री साडेनऊनंतर पोटभर जेवण. सकाळी ते सगळं पोटातच. मी आता संकष्टीच्या दुसऱ्या दिवसाचा वाढलेला आकडा आधीच गृहीत धरतो. दिनदर्शिकेवर वजन लिहिण्याचा हाच मोठा फायदा वाटतो मला. एकादशी, सण, गावाला गेलेले दिवस, सगळं आकड्याच्या शेजारीच असतं. फोनमधल्या ॲपला संकष्टी कळत नाही.

१४ महिन्यांत ११ किलो उतरलं. मध्ये सात आठवडे सरासरी हललीच नव्हती, तेही पानांवर दिसतं.

मेथीची_जुडी

हुरडादादांच्या उत्तरात बायकांसाठी एक भर. पाळीच्या आधीच्या आठवड्यात अंगात पाणी धरलं जातं. माझं दर महिन्याला एक ते दीड किलो वाढतं आणि पाळी सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत उतरतं. त्यामुळे या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी करू नका. पाळी संपल्यानंतरचा आठवडा मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडून बघा. हे कळेपर्यंत मी दर महिन्याला एकदा डाएट सोडून देत होते, खरंच.

निळी_जास्वंद

मला या धाग्यावर लिहायलाच हवं असं वाटलं.

ताई, तुम्ही सोमवारी रात्री जेवला नाहीत, ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. पुण्यात हॉस्टेलला असताना माझीही सुरुवात अशीच झाली. आकडा वाढला की एक जेवण बंद. मग दोन. पुढे पुढे पाणी प्यायच्या आधी आणि नंतरही वजन करायचे. पाळी चार महिने आली नाही, केस मुठीने जायला लागले, तेव्हा आईने मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. बरं व्हायला दोन वर्षं लागली. आज माझ्या घरात काटा नाही. दवाखान्यात वजन करायचं असेल तर मी आकड्याकडे पाठ करून उभी राहते, सिस्टर लिहून घेतात, मला सांगत नाहीत.

रोज वजन करणं सगळ्यांना वाईट असं मी म्हणत नाही, हुरडादादांना ते जमतं. पण स्वतःला एक प्रश्न विचारा. आकडा बघितल्यावर तुम्ही काय करता? नुसता लिहून चहा ठेवायला जाता, की त्यावरून आज जेवायचं की नाही हे ठरतं? दुसरं होत असेल तर काटा काही दिवस घराबाहेर जाऊ द्या. शेजारी ठेवा, बहिणीकडे ठेवा. वजन आहारतज्ज्ञ बाईंकडेच करा. आणि तरीही जेवण टाळलं जात असेल तर कुणाशी तरी बोला, लवकर बोला.

स्टेथो

मी नाशिकला फिजिशियन आहे. जास्वंद यांचा सल्ला सर्वांत आधी वाचावा, मग माझा.

संशोधन काय सांगतं ते थोडक्यात. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालवली जाते. किमान १३.६ किलो उतरवून ते वर्षभर तरी टिकवलेल्या लोकांची ती नोंद आहे. त्यातले सुमारे तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वजन उतरवलेल्या ३१४ जणांना १८ महिने पाहिलं. ज्यांना रोज वजन करून त्यानुसार वागायला शिकवलं, त्यांच्यात रोज काट्यावर उभं राहणाऱ्यांचं वजन परत चढण्याचं प्रमाण कमी होतं. त्यांना सिग्नलसारखे रंग ठरवून दिले होते. सुरुवातीपेक्षा साधारण दीड किलोपर्यंत वाढ म्हणजे हिरवा, चालू द्या. सव्वादोन किलोच्या वर गेलं की लाल, परत आहाराकडे नीट बघा. मला ही कल्पना फार आवडते, कारण ती छोट्या चढउतारांना मोकळीक देते. अर्थात मुळात शिस्तीची माणसंच रोज वजन करत असतील, हेही लक्षात ठेवायला हवं.

झोपेतले ९०० ग्रॅम: काही भाग सकाळच्या लघवीचा. बाकीचं श्वासावाटे आणि न जाणवणाऱ्या घामावाटे जातं, रात्रभर. इटलीत पाडुआला सांतोरियो नावाच्या वैद्याने काट्याला टांगलेल्या खुर्चीत बसून जवळजवळ तीस वर्षं स्वतःचं, खाण्यापिण्याचं आणि मलमूत्राचं वजन केलं होतं आणि १६१४ साली ते छापलं. खाल्लेल्या-प्यायलेल्यातलं बरंचसं असं न दिसता जातं, हेच त्याला आढळलं. म्हणजे तुमचा प्रश्न चारशे वर्षं जुना आहे. चरबी त्यात नावापुरती.

वजनासोबत महिन्यातून एकदा कंबरेचा घेर मोजा. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, टेप न आवळता. भारतीयांसाठी बायकांमध्ये ८० सेंमी आणि पुरुषांमध्ये ९० सेंमी ही सीमा धरतात. मधुमेहाचा वारसा असलेल्या घरात हा आकडा मला वजनापेक्षा महत्त्वाचा वाटतो. चालणं सुरू केल्यावर वजन थांबलं तरी घेर उतरताना बरेचदा दिसतो. उतरण्याचा वेग आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक. त्याहून घाई केली तर पित्ताशयात खडे व्हायचा धोका वाढतो.

हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल त्यांना मात्र आम्हीच रोज वजन करायला सांगतो, वेगळ्या कारणासाठी. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पायावर सूज आली, आडवं झाल्यावर धाप लागली, तर सरासरी काढत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी आपल्या मनाने जेवण चुकवू नये, साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

काटेकोर

आमचं इचलकरंजीला वजनकाट्यांचं दुकान आहे. किराणावाल्याचा काटा वैध मापन शास्त्र विभाग तपासून शिक्का मारतो, घरातला कुणी तपासत नाही. तो आपणच तपासायचा. एकदा नुसते उभे राहा, मग ५ किलोची न फोडलेली पिठाची पिशवी हातात घेऊन उभे राहा. फरक ५ च्या आसपास यायला हवा. लागोपाठ तीनदा उभे राहिल्यावर तीन वेगळे आकडे येत असतील तर आधी सेल बदला.

काट्याच्या चारही पायांत सेन्सर असतात. त्यामुळे सपाट, कडक फरशी हवी. चटई, पायपुसणं, उतार दिलेली बाथरूमची फरशी, काही चालत नाही. एक जागा ठरवा आणि तिथून हलवू नका. चरबीची टक्केवारी दाखवणारे काटे तळपायातून अगदी सौम्य करंट सोडून अंदाज बांधतात. पाय ओले की आकडा बदलतो, पाणी कमी प्यायलं तरी बदलतो. गिऱ्हाइकाला मी स्वतःच सांगतो, त्या आकड्यासाठी जादा पैसे घालू नका.

भाकरतुकडा

दोन वेळच्या जेवणाचा दीक्षित डाएट सुरू केला तेव्हा पहिल्या आठवड्यात अडीच किलो गेले, दुसऱ्यात ३०० ग्रॅम. मला वाटलं, बिघडलं काहीतरी. हुरडादादांचं ग्लायकोजेन आणि पाण्याचं वाचून आज उलगडा झाला. नवीन माणसाने पहिल्या दोन आठवड्यांचे आकडे लिहावेत, पण त्यावरून पुढचा हिशोब मांडू नये.

चिंचगूळ

सगळ्यांचे मनापासून आभार. जास्वंद, तुझं उत्तर मी दोनदा वाचलं आणि नवऱ्यालाही वाचून दाखवलं. प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं तर, हो, आकड्यावरूनच माझं जेवण ठरत होतं. तेव्हा चार आठवडे काटा माळ्यावर. आहारतज्ज्ञ बाईंना फोन करून जेवण टाळल्याचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, रात्रीची भाकरी एकाऐवजी दीड करा, तुम्ही उपाशी राहताय. घेर मोजला, ९४ सेंमी.

चिंचगूळ

पाच आठवड्यांनी परत आले. बाईंकडे दोनदा वजन झालं, ७३.८ आणि ७३.२. घेर ९१. रात्री जेवण चुकलेलं नाही, एकदाही नाही. गेल्या आठवड्यात काटा खाली काढला. आता फक्त सकाळी, आणि आकडा मी बघून वहीत लिहिते, पण सरासरी नवरा काढतो आणि रविवारी सांगतो. बुधवारी ७३.९ दिसलं तेव्हा छातीत धडधडलं, पण पोहे केले आणि खाल्ले.

आता गणपतीला दहा दिवस साताऱ्याला, माहेरी. उकडीचे मोदक, पंचखाद्य, रोज कुणाकडे तरी आरती आणि प्रसाद. काटा सोबत नेऊ का?

हुरडा

नेऊ नका. चालायचे बूट न्या. परत आल्यावर तीन दिवस घरचं नेहमीचं जेवा आणि चौथ्या दिवसापासून लिहायला घ्या.

निळी_जास्वंद

आणि मोदकावर तूप घ्या, ताई.