क्रॉसहेअर भुतावर, रंग खांबावर! (गोडॉट ४, थर्ड पर्सन शूटर)

तिवंधा_चौक
मंडळी, गोडॉट ४ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये विनोदी भुताटकीचा शूटर (नेम धरून मारायचा गेम) बनतोय, कॅमेरा हिरोच्या पाठीमागून. जुन्या नाशकातला वाडा, रंगपंचमीची आदली रात्र, रहाड (रंगाच्या पाण्याचा जमिनीतला हौद) नुकतीच उघडलेली. भुतं दिसत नाहीत. पितळी पिचकारीचा रंग लागला की दिसतात, मग त्यांना रेटत रेटत रहाडीत पाडायचं. धप्पा बसला की भूत खलास.

अडलंय इथे: क्रॉसहेअर (पडद्याच्या मध्यावरची नेमाची खूण) बरोब्बर मुंजावर असतं आणि रंग शेजारच्या खांबावर उडतो. बोळात शिरलं की कॅमेरा भिंतीत घुसतो. एका भुताला रंग लावला की सगळी गुलाबी होतात. आणि भुतांचे संवाद पहिल्यांदा हसवतात, पाचव्या मिनिटाला डोकं उठवतात. लॅपटॉप साधा आहे, कंपॅटिबिलिटी रेंडररवर (गोडॉटच्या हलक्या चित्रण-पद्धतीवर) चालवतोय.

गंगेवरचा
क्रॉसहेअर कॅमेऱ्याचं आहे, रंग निघतोय पिचकारीच्या तोंडातून. दोन्हींत अर्धा मीटर अंतर, त्यामुळे खांबाच्या कडेला उभं राहिलं की कॅमेऱ्याला भूत दिसतं आणि पिचकारीसमोर खांब असतो. रे (वाटेत काय लागतं ते तपासणारी अदृश्य सरळ रेघ) दोन टाका. पहिला कॅमेऱ्याच्या मध्यातून. तो जिथे लागेल तो नेमाचा बिंदू. काहीच लागलं नाही तर पिचकारीच्या पल्ल्याएवढा, समजा १२ मीटरवरचा बिंदू धरा. दुसरा रे पिचकारीच्या तोंडापासून त्या बिंदूकडे, आणि रंग याच दिशेने सोडा. दुसरा मध्येच अडला तर अडला तिथे छोटी लाल फुली दाखवा. खेळणारा आपण होऊन पाऊलभर सरकतो, गेमला शिव्या घालत नाही.

एक खोच आहे. पहिला रे थेट कॅमेऱ्यापासून सुरू केला तर हिरोच्या पाठीमागचा खांबही त्याला लागतो आणि पिचकारी उलटी मारते. म्हणून त्याची सुरुवात कॅमेऱ्याच्या आर्मच्या (हिरोमागे कॅमेरा धरणाऱ्या अदृश्य दांडीच्या) लांबीएवढी पुढे ढकला.

धार किती वेगाने जाते? १८ मीटर प्रति सेकंद धरली तर ६ मीटरवर पोचायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो, आणि खऱ्या गुरुत्वाकर्षणाने ती तेवढ्यात ५४ सेंटिमीटर खाली येते. डोक्याचा नेम पोटावर. धारेपुरतं गुरुत्वाकर्षण ३ वर आणा, घसरण १७ सेंटिमीटरवर येते. धार धारेसारखी दिसते आणि नेमही चुकत नाही. शिवाय या वेगाने थेंब एका फिजिक्स टिकमध्ये (गेम हालचाल मोजतो तो सेकंदाचा साठावा भाग) ३० सेंटिमीटर उडी मारतो, म्हणजे दाराच्या फळीतून आरपार. दर टिकला जुन्या जागेपासून नव्या जागेपर्यंत रे टाकून तपासा.

कॅमेऱ्यासाठी स्प्रिंगआर्म३डी, म्हणजे भिंत आली की आखडणारा आर्म, वापरत असालच. भिंत आली की आत झटकन, बाहेर मात्र हळू, ०.३ सेकंदात. नाहीतर ओसरीवर एकेक खांब ओलांडताना पडदा धडधडतो. स्प्रिंगआर्म आपल्या मुलांना (पोटात ठेवलेल्या नोडना, म्हणजे गेमच्या सुट्या घटकांना) स्वतःच जागेवर बसवतो, त्यामुळे कॅमेरा त्याच्या पोटात ठेवून हा हळूपणा येत नाही. पोटात रिकामा नोड ठेवा आणि कॅमेरा बाहेरून त्याच्यामागे चालवा. असं केलं की आर्मला आकार आपणच द्यायचा, ०.२ मीटर त्रिज्येचा गोल पुरतो. विसरलात तर तो नुसत्या एका रेवर चालतो आणि कोपऱ्यात भिंत कापली जाते. आर्ममध्ये हिरोला वगळायलाही विसरू नका.

आणि वाडा मोजमाप घेऊन जसाच्या तसा बांधू नका. खऱ्या वाड्याची दारं बुटकी, वाकून जायची. गेममध्ये दार दीड मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच ठेवा, कोणाला कळत नाही.

पिंपळावरून_हात
सगळी गुलाबी होतात कारण मटेरियल (पृष्ठभागाच्या रंगरूपाची सेटिंग) सामायिक आहे. मटेरियलवर ‘लोकल टू सीन’ चालू करा, म्हणजे प्रत्येक भुताला आपली वेगळी प्रत मिळते. भिंतीवरच्या डागांसाठी डेकल नोड (पृष्ठभागावर चित्र उमटवणारा) वापरायला जाल तर कंपॅटिबिलिटीत तो चालतच नाही. साधे क्वाड (सपाट चौकोन) घ्या, साठेक बनवून ठेवा, सर्वांत जुना उचलून नव्या जागी लावा.

अर्धपारदर्शक भुतं एकमेकांसमोर आली की पुढचं मागे दिसायला लागेल. ट्रान्स्परन्सी साध्या ‘अल्फा’वर असली की हे होतं. ‘अल्फा हॅश’ करून बघा. थोडं दाणेदार दिसतं, पण भुताला शोभतं.

भिंतीतून येणारं भूत खेळणाऱ्याला चावलं आणि त्याला उलट मारता आलं नाही तर तो गेम बंद करतो. नियम करा: रंग लागला की भुताला भिंत लागते. कोरडं असताना कोलिजन मास्क (कशाकशाला धडकायचं त्याची यादी) रिकामा, रंगलं की त्यात भिंतींचा लेयर (गट) चालू. फक्त मास्क बदलण्याआधी ते अर्धं भिंतीत नाही ना हे तपासा, नाहीतर फिजिक्स त्याला कुठेही फेकतं. रंगलेला खवीस सवयीने भिंतीत शिरायला जातो आणि कपाळ आपटतो, हा विनोद संवादाशिवाय मिळतो.

हडळीची पावलं उलटी. हाडं फिरवू नका, चालण्याचं अ‍ॅनिमेशन मोडतं. सांडलेल्या रंगात उमटणारे ठसे १८० अंशांत फिरवा. खेळणारा ठशांमागे धावतो आणि ती असते बरोब्बर मागे.

सबटायटलवाली
संवादांचं बघा. रँडम निवडू नका, तेच वाक्य लागोपाठ येतं. आठ वाक्यांची यादी पिसा, संपेपर्यंत वापरा, मग पुन्हा पिसा. नव्या यादीचं पहिलं वाक्य जुन्या शेवटच्याशी जुळलं तर बदला. दोन वाक्यांत किमान ८ सेकंद, एका वेळी एकच भूत बोलेल, आणि रंग उडत असताना दोन सेकंदांपेक्षा लांब वाक्य नको. ‘माझी मुंज झाली, लग्नाचं काय?’ एवढं बास.

सबटायटलला देवनागरी फाँट गेममध्येच घाला, ‘मुक्त’ (Mukta) नावाचा किंवा नोटो सान्स देवनागरी. न घालताही तुमच्या लॅपटॉपवर अक्षरं दिसतील, कारण गोडॉट सिस्टिमचा फाँट उचलतो. वेबवर टाकलं की चौकोन. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. आणि टाइपरायटर परिणाम (एकेक अक्षर उमटत जाणं) देणार असाल तर लेबलचं व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेवियर ‘आफ्टर शेपिंग’ (जोडाक्षरं जुळवून झाल्यावर) करा. मूळ सेटिंगवर ‘क्षण’ लिहिताना आधी पाय मोडलेला क् येतो, मग तो ष गिळून क्ष होतो.

तिवंधा_चौक
मटेरियल आणि दोन रे, दोन्ही जमलं. आता भूत रहाडीच्या काठावर अडतं, आत पडत नाही.

गंगेवरचा
भुताच्या कॅप्सूलचा (धडक मोजायच्या गोळीसारख्या आकाराचा) तळ काठाच्या दगडाला अडतोय. ढकलण्याचा जोर वाढवत बसू नका. काठाच्या बाहेर ०.४ मीटरपर्यंत एरिया३डी (आत कोण आलं ते ओळखणारा अदृश्य भाग) पसरा, रंगलेलं भूत त्यात आलं की त्याचं फिजिक्स बंद आणि अर्ध्या सेकंदाची ठरलेली उडी, हातपाय झाडत. धप्प्याचा आवाज पाण्याला टेकायच्या दोन फ्रेम आधी सुरू करा, स्पीकरपर्यंत पोचायला त्याला तेवढा वेळ लागतोच.