मराठी सारांशात मध्येच हिंदी येतंय आणि रकमाही बदलतायत, टेंपरेचर शून्य करू का?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या ग्रामसभेची जुनी इतिवृत्तं टाइप करून ठेवलीयेत, त्यातून कुठला ठराव कधी झाला, सूचक कोण, अनुमोदक कोण आणि रक्कम किती एवढंच काढायचंय. लोकांची नावं, घरपट्टीची थकबाकी असं सगळं असतं त्यात म्हणून बाहेरच्या सर्व्हरवर टाकायचं नाहीये, लॅपटॉपवरच ४ बिलियन पॅरामीटरचं एक ओपन एआय मॉडेल चालवते. एका व्हिडिओत सांगितलं तसं टेंपरेचर १.२ आणि रिपीट पेनल्टी १.३ ठेवलंय. पहिले दोन-तीन ठराव एकदम छान येतात आणि मग "मंजूर करण्यात आला है" सुरू होतं, पुढे "लेकिन" काय, "तथा" काय, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाणीपुरवठा दुरुस्तीचे २,००,००० होते तिथे चक्क २,००,०१०. गावच्या पैशाचा हिशोब आहे हो हा, असं चालणार नाही. टेंपरेचर शून्य केलं की थांबेल का? टॉप-के, टॉप-पी पण दिसतात तिथे, त्यांना हात लावायचा का?

घाटमाथा:
माहिती काढायचं काम आहे ना मग शून्यच ठेवा, १.२ कविता-बिविता लिहून घ्यायला ठीक आहे.

अक्षरमोजणी:
ताई, टेंपरेचर कमी करा पण खरा घोळ रिपीट पेनल्टीचा आहे असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतं, कारण सुरुवात चांगली आणि मग बिघडत जाणं ही तिचीच खूण.

मॉडेल दर पावलाला पुढच्या प्रत्येक शक्य टोकनला (म्हणजे शब्दाला किंवा शब्दाच्या तुकड्याला) एक गुण देतं. समजा तीन टोकनांना २, १, ० असे गुण मिळाले. टेंपरेचर १ असेल तर त्यांची शक्यता साधारण ६७, २४ आणि ९ टक्के. गुणांना टेंपरेचरने भागतात, त्यामुळे ०.५ केलं की पहिलं ८७ टक्क्यांवर जातं आणि शेवटचं दोनच्याही खाली येतं, उलट २ केलं तर ५१, ३१, १९ असं सपाट होतं. म्हणजे १.२ ला "आहे"च्या मागे उभ्या असलेल्या "है"ला थोडी जास्त संधी मिळते, थोडीच, त्याने एवढा गोंधळ होत नाही.

पेनल्टी काय करते, तर मागच्या काही टोकनांत जे येऊन गेलं त्याचे गुण कापते, गुण शून्याच्या वर असतील तर १.३ ने भागते, खाली असतील तर गुणते. मॉडेल लॅपटॉपवर चालवायच्या ओलामा या सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ही मागची खिडकी ६४ टोकनांची आणि पेनल्टी १.१ दिलीय. आता तुमचं इतिवृत्त बघा: "ठराव मंजूर करण्यात आला आहे", परत "ठराव मंजूर करण्यात आला आहे". मराठीत वाक्याच्या शेवटी आहे, होता, आला हेच येणार, तिथे दुसरं काय लिहिणार! प्रत्येक वेळी "आहे"ला दंड बसत गेला की जवळचं, अजून न वापरलेलं "है" पुढे सरकतं. शून्याचंही तेच. २,००,००० मध्ये पाच शून्यं आहेत, बरीच मॉडेलं आकडे एकेक करून तोडतात, म्हणजे चौथ्या शून्यापर्यंत पोचेस्तोवर शून्यावर दंड बसलेलाच असतो, मग १ घुसतो.

देवनागरीला याचा त्रास इंग्रजीपेक्षा जास्त होतो. युटीएफ-८ मध्ये (कंप्युटरवर अक्षरं साठवायची पद्धत) आपलं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, वेलांटी तीन-तीन बाइटची असते, आणि ज्या मॉडेलच्या टोकनायझरमध्ये (मजकुराचे टोकन पाडणारा भाग) मराठी शब्द पुरेसे नाहीत तिथे शब्दाचे बारीक तुकडे होतात, कधी थेट बाइटपर्यंत. मग तीच मात्रा, तोच हलंत सतत येणार आणि सतत मार खाणार. पेनल्टीचे हे आकडे इंग्रजी लिहिणाऱ्यांनी इंग्रजीवर बघून ठरवलेले असतात, आपण ते जसेच्या तसे उचलू नयेत असं माझं ठाम मत आहे.

पेनल्टी १.० करा, म्हणजे ती बंद. टेंपरेचर ०.२-०.३. टॉप-के, टॉप-पी म्हणजे वरच्या किती टोकनांतून निवडायचं याची मर्यादा, त्यांना आत्ता हात लावू नका, टेंपरेचर एवढं खाली असलं की त्यांना फारसं काम उरत नाही. सीड (रँडम निवड जिथून सुरू होते तो आकडा) एकच ठेवा आणि एका वेळी एकच आकडा बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळायचं नाही.

भीमथडी:
घाटमाथा, शून्य सगळीकडे चालत नाही हो. शून्य म्हणजे दरवेळी सगळ्यात वरचंच टोकन, छोटी मॉडेलं त्यात अडकून तीच ओळ परत परत लिहीत बसतात. क्वेन ३ या मॉडेलच्या माहितीपानावर तर थिंकिंग मोडला (उत्तराआधी विचार लिहून काढतो तो) असं करू नका म्हणून स्पष्ट लिहिलंय, तिथे टेंपरेचर ०.६, टॉप-पी ०.९५, टॉप-के २० सांगितलंय. जेम्मा ३ या दुसऱ्या मॉडेलला टेंपरेचर १.० सांगतात. तेव्हा आधी आपल्या मॉडेलचं पान बघायचं आणि तिथून खाली यायचं.

आणि ताई, काँटेक्स्ट (मॉडेल एका वेळी किती टोकन बघतं ती मर्यादा) किती ठेवलाय? मराठी मजकूर इंग्रजीपेक्षा जास्त टोकन खातो, मोठं इतिवृत्त ४०९६ मध्ये मावलं नाही तर काही भाग गुपचूप कापला जातो आणि मॉडेल काही बोलत नाही. एकेक सभा वेगळी द्या.

कृष्णाकाठ:
खूप आभार सगळ्यांचे. पेनल्टी १.० आणि टेंपरेचर ०.३ केलं, बाकी काही नाही बदललं, हिंदी गेली आणि २,००,००० जसेच्या तसे आले! सभाही वेगवेगळ्या करून दिल्या. पण सूचक आणि अनुमोदक यांची नावं कधीकधी उलटीपालटी होतात अजून, त्याला कुठली सेटिंग आहे का?

अक्षरमोजणी:
त्याला सेटिंग नाही. टेंपरेचर खाली आणलं की मॉडेल चूकसुद्धा दरवेळी तीच, ठामपणे करतं एवढंच. सारांश लिही म्हणण्याऐवजी "ज्या ओळीत सूचक आणि अनुमोदक आहेत ती मूळ ओळ जशीच्या तशी उतरव आणि मग खाली नावं लिही" असं सांगून बघा, म्हणजे ओळ आणि नाव शेजारी दिसतात आणि ताडून बघायला सोपं जातं. ती उतरवलेली ओळ मूळ फाइलमध्ये शोधून बघा, सापडली नाही तर तो ठराव हातानेच भरा. रकमांचंही असंच करा.