आयनीभवन ऊर्जा, आयनीकरण विभव आणि 'परिरक्षण'

प्रश्न: जुन्या पुस्तकांत 'आयनीकरण विभव' दिसते, नव्यांत 'आयनीभवन ऊर्जा'. दोन्ही एकच का? आणि 'शिल्डिंग'ला परिरक्षण म्हणावे का?

उत्तर १: वायुरूप, सुट्या अणूतून सर्वांत सैल इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा ही राशी एकच, मोजायची रीत वेगळी. विभव व्होल्टमध्ये सांगतात, ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये किंवा मोलमागे किलोज्यूलमध्ये. हायड्रोजनचे १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट × ९६.५ (एका इलेक्ट्रॉन-व्होल्टचे मोलमागे इतके किलोज्यूल) केले की मोलमागे १३१२ किलोज्यूल येतात. विभव म्हटले की प्रयोगाच्या नळीला लावलेला व्होल्टेज डोळ्यांपुढे येतो आणि तिथेच फसगत होते. १९१४ साली फ्रँक आणि हर्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञांना पाऱ्याच्या वाफेत ४.९ व्होल्टला विद्युतप्रवाह घसरलेला दिसला. तो त्यांनी आयनीभवनाचा विभव मानला. प्रत्यक्षात इलेक्ट्रॉन फक्त वरच्या पातळीवर चढत होता, सुटत नव्हता. पाऱ्याला आयनीभवनासाठी १०.४ व्होल्ट लागतात.

उत्तर २: 'भवन' म्हणजे होणे, 'करण' म्हणजे करणे. इलेक्ट्रॉन ओढून काढावा लागतो, म्हणून 'करण' अधिक नेमके. पण रूढ झाले 'भवन', चालू द्या. व्याख्येतले 'वायुरूप, सुटा अणू' मात्र गाळू नका. लिथियमची ऊर्जा मोलमागे ५२० किलोज्यूल, सोडियमची ४९६, तरी पाण्यात लिथियमच अधिक प्रबळ क्षपणक (इलेक्ट्रॉन देणारा). लहानशा लिथियम आयनाभोवती पाण्याचे रेणू गोळा होताना भरपूर ऊर्जा सुटते. ती या आकड्यात नसतेच.

उत्तर ३: परिरक्षण म्हटले की मुरांबे-लोणची आठवतात! मी 'आडोसा' म्हणेन. आतले इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ बाहेरच्यापर्यंत पुरती पोचू देत नाहीत, एवढाच अर्थ. बेरिलियमची ऊर्जा ९००, पुढच्या बोरॉनची मात्र ८०१: बोरॉनचा २पी इलेक्ट्रॉन मुळातच वरच्या पातळीवर, त्यात २एसचा आडोसा (२एस, २पी, ३डी ही कक्षकांची, म्हणजे अणूतल्या इलेक्ट्रॉनांच्या जागांची नावे). उलट गॅलियम पाहा. आवर्त सारणीच्या एकाच गटात खाली गेल्यावर ऊर्जा घटायला हवी, पण ॲल्युमिनियम ५७८, गॅलियम ५७९! मधल्या दहा ३डी इलेक्ट्रॉनांचा आडोसा तोकडा आणि केंद्रकाचा धनप्रभार १३ वरून ३१.

उत्तर २ (पुन्हा): 'आडोसा' आवडला. फक्त नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४ ही घसरण त्यात कोंबू नका. ऑक्सिजनच्या एका २पी कक्षकात दोन इलेक्ट्रॉन दाटीने बसतात आणि एकमेकांना ढकलतात. त्याला सरळ 'जोडीचे प्रतिकर्षण' म्हणावे.