शांती आधी की निर्णय आधी?

‘मनाला शांती लाभली, तरच तो निर्णय देवाच्या इच्छेचा समजावा,’ हे अनेकदा ऐकू येणारे मत मला अर्धेच पटते. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूने तेच ते शब्द उच्चारून तीनदा प्रार्थना केली, आणि लूकच्या शुभवर्तमानात तर त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत असल्याचे म्हटले आहे. मनाची अशी तळमळ होती म्हणून त्याचा तो वधस्तंभाचा मार्ग चुकीचा होता असे कोण म्हणेल? बायबलमधील फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या 4थ्या अध्यायातही प्रेषित पौल, स्वतः कैदेत असताना, आधी आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवायला सांगतो, आणि मग शांती तुमची अंतःकरणे ‘राखील’ असे म्हणतो. मूळ ग्रीक क्रियापद पहारा देणाऱ्या शिपायांसाठी वापरले जाणारे आहे, आणि पहारा धोका असतो तिथेच बसवतात.

आजारी आईसाठी नोकरी सोडावी की नाही, या विवंचनेत माझा राजीनामा लिहून तयार असूनही अकरा दिवस खणात पडून होता. रोज रात्री तो काढायचा, वाचायचा, पुन्हा ठेवायचा. (घडी एवढी मोडली की शेवटी नवा कागद घ्यावा लागला.) त्या दिवसांत उत्तर मिळाले नाही, पण सकाळची प्रार्थना, आईची औषधे आणि हातातले काम यांत मात्र खंड पडू दिला नाही. मन खिन्न असताना आधीचा निश्चय बदलू नये, हा लोयोलाचा इग्नेशियस या सोळाव्या शतकातील ख्रिस्ती संताचा नियम तेव्हा फार उपयोगी पडला. राजीनामा दिला त्या सकाळीही हात थरथरतच होता. शांत झोप त्यानंतर कित्येक आठवड्यांनी लागली.