अनुभव धागा: फॉरमॅट मारण्याआधी तुम्हाला काय सापडले?

घरचा संगणक मंदावला की दुकानातून पहिला सल्ला 'फॉरमॅट मारून घ्या', म्हणजे सगळे पुसून विंडोज नव्याने टाका, हाच मिळतो, आणि बहुतेकदा आपण तो मुकाट्याने मानतोही. माझा डेस्कटॉप २०१३ साली घेतलेला, तिसऱ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा आहे. मुलीचे व्हिडिओ लेक्चर सुरू झाले की आवाज पुढे आणि चित्र मागे, अशी गत होत असे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर (कोणता प्रोग्रॅम संगणकाचा किती भाग वापरतो हे दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला व 'सीपीयू', म्हणजे प्रोसेसर, या शीर्षकावर क्लिक केले, तेव्हा वापर ९८ टक्के आणि सर्वांत वर ब्राउझर, असे दिसले. दोष ब्राउझरचा नव्हता. व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या व्हीपी-नाइन या प्रकारात येत होता आणि तो उलगडण्याची वेगळी सोय या जुन्या चिपमध्ये नसल्याने प्रत्येक चित्रचौकटीचा भार मुख्य प्रोसेसरवर पडत होता. एच २६४ प्रकाराची सोय मात्र त्यात आहे. तोच प्रकार मागवणारे एक छोटे एक्स्टेंशन (जोड-प्रोग्रॅम) ब्राउझरमध्ये बसवल्यावर वापर ३० टक्क्यांवर आला, आणि फॉरमॅटचा विषय तिथेच संपला.

आपणही लिहावे. कोणता आकडा पाहिला, संशय कोणावर आला आणि तो खरा ठरला का, एवढे आले तरी इतरांना उपयोग होईल.

*

माझा अनुभव थोडा हसण्यासारखा आहे. निवृत्तीनंतर मी स्वतःच दुरुस्ती करायला बसलो आणि 'डिटेल्स' या टॅबमध्ये 'सिस्टिम आयडल प्रोसेस' ९७ टक्के खाते आहे, असे पाहून ती बंद करण्यासाठी अर्धा तास झगडलो. शेवटी भाच्याने फोनवर सांगितले, "मामा, तो आकडा प्रोसेसर रिकामा बसल्याचा आहे." खरा घोळ 'प्रोसेसेस' टॅबमधल्या 'डिस्क' स्तंभात होता, तिथे कायम १०० टक्के दिसत होते. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली, मग काम झाले.

*

आमचे घरातच लग्नपत्रिकांचे डीटीपीचे, म्हणजे संगणकावर छपाईची मांडणी करण्याचे, काम चालते. संगणक सुरू केल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटे काहीच करता येत नसे आणि टास्क मॅनेजरमध्ये 'विंडोज फॉन्ट कॅशे सर्व्हिस' (फॉन्टची माहिती चटकन मिळावी म्हणून ती साठवून ठेवणारी विंडोजची सेवा) सतत वर दिसे. आधी मी अँटिव्हायरसवर संशय घेतला, तो काढूनही पाहिला. फरक पडला नाही. मग फॉन्टचे फोल्डर उघडले. युनिकोड ही सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत रुळण्यापूर्वीचे मराठी फॉन्ट, गिऱ्हाइकांनी पेन ड्राइव्हवर आणून दिलेले, एकाच फॉन्टच्या तीन-तीन प्रती, असे मिळून चार हजारांच्या वर फॉन्ट तिथे साठले होते. आमच्या व्यवसायात फॉन्ट काढून टाकायला कोणाचा हात धजत नाही, कारण दहा वर्षांपूर्वीची पत्रिका 'तशीच छापून द्या' म्हणणारे गिऱ्हाईक केव्हा दारात उभे राहील, याचा नेम नसतो. म्हणून सगळे फॉन्ट दुसऱ्या ड्राइव्हवर वर्गवारी करून ठेवले, रोज लागणारे दीडशेच बसवलेले राहू दिले, आणि ती सेवा थांबवून तिच्या कॅशेच्या जुन्या फायली पुसल्या. आता चहा होईपर्यंत संगणक कामाला तयार असतो.

*

वरील अनुभवांत टक्के जास्त दिसत होते. माझ्याकडे उलट होते, म्हणून मुद्दाम लिहितो. लॅपटॉपवर माऊसचा बाणही अडखळत सरकत असे, पण टास्क मॅनेजरमधील वापर ३३ टक्क्यांच्या वर जातच नव्हता. 'परफॉर्मन्स' टॅबमध्ये आलेखाखाली वेगाचा आकडा असतो, तिकडे बरेच दिवस लक्ष गेले नव्हते. मूळ वेग २.४० गिगाहर्ट्झ आणि चालू वेग ०.७९ असा होता. विंडोज १० मधला हा टक्का मूळ वेगाच्या हिशेबाने मोजला जातो, त्यामुळे एक तृतीयांश वेगाला जखडलेला प्रोसेसर पुरता दमलेला असूनही ३३ टक्केच दाखवतो. अडॅप्टर काढून बॅटरीवर चालवला की वेग पूर्ववत होई, आणि त्यावरूनच मूळ कारण सापडले. या लॅपटॉपच्या अडॅप्टरच्या टोकाशी मधोमध एक बारीक पिन असते व तिच्यातून लॅपटॉपला अडॅप्टरची ओळख पटते. ती पिन वाकली होती. अडॅप्टर किती वॅटचा आहे हे न कळल्यामुळे लॅपटॉप धास्तीने वेगच कमी करत होता. सुरू होताना पडद्यावर तशी सूचनाही येत असे, पण आम्ही घरातले सगळे ती न वाचता एंटर दाबून पुढे जात होतो. बाजारातला पर्यायी अडॅप्टर घेताना त्या पिनेची खात्री करून घ्यावी.

*

धागाकर्त्यांनी फॉरमॅटविरुद्ध बाजू मांडली आहे, पण माझ्यावर शेवटी तीच वेळ आली. संगणकाला कोणी हात लावलेला नसताना पंखा घोंघावत असे आणि टास्क मॅनेजर उघडताच शांत होई. आकडे पाहावेत तर ४-५ टक्के. दोन आठवडे मी हा योगायोग समजलो. एका रात्री टास्क मॅनेजर खाली मिनिमाइझ करून तसाच चालू ठेवला, तर सकाळपर्यंत पंख्याचा आवाज आला नाही. तो बंद केला आणि पाच मिनिटांत घरघर सुरू झाली. पाहणारा कोणी आहे असे कळताच थांबणारा, माझा प्रोसेसर राबवून दुसऱ्यासाठी आभासी चलन खणणारा (कमावणारा) प्रोग्रॅम निघाला. चिरंजीवांनी फुकटात मिळवलेल्या एका गेमबरोबर तो आला होता. प्रोग्रॅम आपोआप सुरू करणाऱ्या 'टास्क शेड्युलर'मधली त्याची नोंद मी दोनदा काढली, दोन्ही वेळा ती परत आली. तेव्हा फोटो आणि कागदपत्रे तेवढी बाहेरच्या डिस्कवर घेतली, दुसऱ्या संगणकावर तयार केलेल्या पेन ड्राइव्हवरून विंडोज नव्याने टाकले आणि बँकेसकट सगळे पासवर्ड बदलले. गेम पुन्हा टाकू द्यावा, असा चिरंजीवांचा अर्ज अद्याप विचाराधीन आहे.