खानेसुमारीतला 'खाना'

घणसोलीकर : २०२७ च्या जनगणनेवरून सोसायटीच्या ग्रुपवर गप्पा चालल्या होत्या. एका काकांनी 'खानेसुमारी' लिहिलं. शेजारचा मुलगा म्हणतो, "म्हणजे जेवायला किती माणसं आहेत ते मोजतात का?" हसलो खरा, पण मलाही नीट सांगता येईना. खानेसुमारी, शिरगणती, जनगणना सगळं एकच ना?

नौपाड्याचा : नाही. शब्द फारसी आहे. 'खाना' म्हणजे घर, दवाखाना-कारखान्यातला. 'शुमार' म्हणजे मोजदाद. आपलं 'सुमारे' आणि 'बेसुमार' तिथलंच. थोडक्यात, घरमोजणी. शिरगणतीत डोकी मोजायची. जनगणनेत दोन्ही येतात : आधी घरयादी, मग माणसांची नोंद. मागच्या खेपेला घरं २०१० मध्ये मोजली, माणसं फेब्रुवारी २०११ मध्ये.

पण तो मुलगा अगदीच चुकला नाही बरं का! जनगणनेत 'कुटुंब' रक्तावरून ठरत नाही, चुलीवरून ठरतं. एकत्र राहणारे आणि एका स्वयंपाकघरातलं जेवणारे ते एक कुटुंब. एकाच घरात दोन भावांनी वेगळी चूल मांडली, की कुटुंबं दोन. म्हणून घरांचा आकडा आणि कुटुंबांचा आकडा जुळला नाही तर लगेच चूक काढायला धावू नये.

ऐरोलीवाला : विषय निघालाच आहे तर, ठाणे जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या कुठे १ कोटी १० लाख दिसते, कुठे ८० लाख. एवढी घट?

नौपाड्याचा : घट कसली, वाटणी! २०११ साली मोजले १,१०,६०,१४८. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला, त्याच्या वाट्याला त्यातले २९,९०,११६ गेले. ठाण्याकडे उरले ८०,७०,०३२. माणूस जागचा हलला नाही, हद्द हलली. बातम्यांत या दोन आकड्यांची सर्रास गल्लत होते, डोकं उठतं. घट बघायची असेल तर मुंबई शहर जिल्हा बघा : २००१ मध्ये ३३ लाख ३८ हजार, २०११ मध्ये ३० लाख ८५ हजार. त्याच दहा वर्षांत अखंड ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून एक कोटीपार गेला.

घणसोलीकर : आमच्या मजल्यावर एका खोलीत तीन मुलं राहतात. तिघांचे डबे तीन ठिकाणांहून येतात.

नौपाड्याचा : मग तीन कुटुंबं.

घणसोलीकर : म्हणजे जेवणच मोजतात की! सांगतो त्याला.